पाठीतली गाठ

आमच्या माण तालुक्यात पाठ दुखणं हा आजार धरत नाहीत. कुणी बाईनं कंबर धरून 'आज खुरपायला येत न्हाय' म्हटलं, तर शेजारीण बांधावरनंच म्हणणार, "दुखंना तर काय. पाठ हाय म्हणून दुखतीया." मुलूख दुष्काळी. पाणी लांबून आणायचं, सरपण डोंगरातनं आणायचं, ज्वारी वाकून काढायची, कडब्याच्या पेंढ्या डोक्यावरनं वाहायच्या. पाठ दुखत नाही अशी बाई गावात एखादीच, आणि ती सुद्धा नवी नवरी असली तर.

त्यामुळं पाठीवरचे उपायही ठरलेले. निर्गुडीचा पाला तव्यावर परतून त्याची पुरचुंडी फिरवायची. वीट भाजून फडक्यात गुंडाळून शेकायचं. एरंडाच्या पानाला तेल लावून बांधायचं. उसण भरली तर पायाळू माणूस शोधायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्यानं सकाळी अनशापोटी कमरेवरनं पाय फिरवला की उसण उतरते, असं सगळे मानतात. आमच्या आळीत एक पायाळू म्हातारा होता. सुगीत त्याच्या दारात रांग लागायची, आणि तो प्रत्येकीला पाय लावताना डोळे मिटून घ्यायचा, जणू त्याचीच पाठ दुखतीय.

२०१४ साली माझी पाठ दुखायला लागली तेव्हा हे सगळं माझ्यावर झालं. मी तेव्हा अडतीस वर्षांची. गावात अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं करायची, खाऊ वाटायचा, रजिस्टरं भरायची, घरी आल्यावर शेतात जायचं. दुखणं पाठीच्या खालच्या अंगाला, मधोमध. दिवसा कामात कळायचं नाही. रात्री आडवी झाले की जागं व्हायचं. इतर बायांची पाठ निजल्यावर हलकी होते, माझी निजल्यावर जड व्हायची. एवढा फरक होता, पण तो कुणाच्या ध्यानात यायचा?

मग एकेक सुरू झालं. कमरेभोवती कुणीतरी करदोटा आवळल्यासारखं वाटायचं. डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून पडायची आणि मला पत्ता नसायचा. अंगणवाडीतली पोरं मागनं पळत यायची, "बाई, तुमची चप्पल!" त्यांना तो खेळच झाला होता. अंधारात बांधावरनं चालवेना. दिवसा जमायचं, कारण डोळ्यांना पाय दिसायचा. रात्री पाय कुठं पडतोय तेच समजायचं नाही. न्हाणीत तोंडावर पाणी घेताना डोळे मिटले की झोक जायचा. एकदा गरम पाण्याचं घमेलं उजव्या पायावर सांडलं. फोड आला तो संध्याकाळी जाऊबाईंनी दाखवला तेव्हा मला दिसला. म्हणजे डावा पाय जोर देत नव्हता आणि उजव्याला चटका कळत नव्हता. हे असं उलटसुलट का, ते पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. जोराची वाट आणि चटक्याची वाट कण्यातनं वेगवेगळ्या बाजूनं जातात. एका अंगानं दाब आला की एका पायाचा जोर जातो आणि दुसऱ्याची जाणीव.

तालुक्याच्या एका डॉक्टरांकडं आठ महिने जात होते. त्यांनी शीर दबली असं सांगितलं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लहानपणी माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, एक किडनी काढलीय. ते म्हणाले, "त्याचा पाठीशी काय संबंध?" आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. दर आठवड्याला एक. एका किडनीच्या माणसानं अशी दुखण्याची औषधं उठसूट घेऊ नयेत, राहिलेल्या एका किडनीवर त्याचा भार येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आज मी हे भेटेल त्याला सांगते, म्हणून इथंही लिहिते.

शेवटी आमच्या मालकांनी बघितलं की मी जिना चढताना डावा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवतीय. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेळ्या विकल्या आणि मला सातारला घेऊन गेले. तिथं एमआरआय झाला. फोटो बघणाऱ्या माणसानं आम्हाला काही न सांगता पुण्याला चिठ्ठी दिली.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मला दाखवलं. कण्याच्या मणक्यांमधनं एक नळी जाते, त्यातनं मज्जारज्जू. दहाव्या-अकराव्या मणक्यापाशी त्या नळीत एक पांढरी गोळी, बोराएवढी. रज्जू तिच्या शेजारी चपटा होऊन एका कडेला सरकलेला, पेंढीखाली सापडलेल्या दोरीसारखा. डॉक्टर म्हणाले, ही मज्जारज्जूच्या आवरणाची गाठ दिसतीय. शेंगदाण्यावर तांबडं साल असतं ना, तसं रज्जूवर पातळ आवरण असतं, त्यातनं ही वाढते. मेनिन्जिओमा म्हणतात. बहुतेक वेळा साधी असते, अंगभर पसरत नाही. पण कण्याच्या नळीत जागाच नसते, त्यामुळं साधी गाठ सुद्धा माणूस अंथरुणाला खिळवते.

मग त्यांनी मला पालथं झोपवून पाठ बघितली, उताणं करून पोट बघितलं. पोटावर डावीकडं आडवा वण. डाव्या कुशीचं मांस उजव्यापेक्षा बसलेलं, कातडी जरा काळपट. वणाच्या वर दोन बारके गोल डाग. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ताई, लहानपणी तुम्हाला शेक दिला होता का? रेडिएशन?"

तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला.

त्या दोन डागांची गोष्ट आधीची. १९८१ च्या पावसाळ्यानंतर, मी पाच वर्षांची असताना, आज्जी मला न्हाऊ घालत होती. साबणाचा हात पोटावरनं फिरवताना थांबली. डाव्या बरगडीखाली तिला घट्ट लागलं. ती आईला म्हणाली, "ये गं हिकडं. पोरीच्या पोटात काय हाय बघ. धोंडा असल्यावानी लागतंय." दुखत नव्हतं, ताप नव्हता, मी खेळत होते. गावानं निदान केलं, पाणथरी. डाव्या कुशीत फुगवटा आला की आमच्याकडं पाणथरीच म्हणायचे, आणि तिला औषध म्हणजे डाग. सळई तापवून एका जाणत्या माणसानं दोन डाग दिले. मी केलेला आरडाओरडा आई अजून सांगते.

फुगवटा वाढतच गेला. मुंबईत गिरणीत कामाला असलेले माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते दसऱ्याला गावी आले होते. त्यांनी माझं पोट बघितलं आणि दादांना म्हणाले, "डाग पुरं झालं. पोरगी मी घिऊन जातो." दादांनी खिल्लाराच्या जोडीतला एक बैल विकला. जोडीतला एक बैल विकणं म्हणजे दुसऱ्याचीही अर्धी किंमत घालवणं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आज्जीनं त्याबद्दल दादांना एक शब्द बोलून दिला नाही. पोरीच्या जातीवर बैल घालवला असं गावात म्हणणारे होते. आज्जी त्यांना म्हणायची, "बैल बाजारात मिळतोय."

मुंबईच्या दवाखान्यात कळलं की गाठ किडनीची आहे. विल्म्स ट्यूमर. बहुतेक करून लहान पोरांना होणारा किडनीचा कॅन्सर. जर्मनीतल्या माक्स विल्म्स नावाच्या सर्जनच्या नावावरनं ते नाव पडलं. पोराला आंघोळ घालताना आईच्या किंवा आज्जीच्या हाताला लागणं, हीच या आजाराची जगभरातली ओळख आहे, हे मला पुढं समजलं. ऑपरेशन करून डावी किडनी गाठीसकट काढली. मग शेक. मग सलाईनमधनं इंजेक्शनं, वर्षाच्या वर.

शेकाचं मला थोडं आठवतं. अंगावर जांभळ्या शाईनं चौकोन काढला होता आणि तो पुसायचा नाही अशी ताकीद होती. चाळीतल्या बाया बघून म्हणायच्या, "आगं बया, हे कसलं गोंदाण?" एका मोठ्या यंत्राखाली मला एकटीला झोपवायचे, जाड दार लोटून सगळे बाहेर जायचे. काही दुखायचं नाही, भाजायचं नाही. आज्जीनं आईला विचारलं होतं, "शेक म्हणत्यात आन् ऊब कशी लागत न्हाय?" आईला सांगता आलं नाही. ऊब न लागणारा शेक आत कुठं गेला, किती गेला, कुणाला दिसणार?

इंजेक्शनांतलं एक औषध सदाफुलीपासनं काढलेलं असतं. व्हिन्क्रिस्टिन. दुसरं, ॲक्टिनोमायसिन, मातीतल्या जंतूंपासनं. एका नर्सबाईंनी हे आईला सांगितलं तेव्हा आई हसली होती म्हणे. सदाफुली तर आमच्या तुळशीकट्ट्याला लागून होतीच, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. (कुणी हे वाचून सदाफुलीचा पाला खाऊ नये. नुसता पाला विषारी असतो, औषध त्यातनं मोजून मापून काढावं लागतं.) केस सगळे गेले. चुलतीनं आपल्या जुन्या पातळाचा तुकडा डोक्याला बांधला आणि मला 'छोटा फेटेवाला' म्हणायला लागली.

त्यातच १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तात्या त्यातले एक. माझी इंजेक्शनं चालू होती, आणि खोलीत येणारा पगार बंद. दहा बाय बाराची खोली, त्यात तात्या, काकी, त्यांची दोन पोरं, आई, मी, आणि गावचे दोघंजण. चाळीतले बरेच लोक गावी निघाले. तात्यांनीही जायला हवं होतं. ते गेले नाहीत, कारण ते गेले असते तर आम्हाला मुंबईत दार उरलं नसतं. काकी भाकऱ्या करून विकायची. तात्यांनी बाजारात पाठीवर पोती वाहिली. दादा गावाकडनं ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. त्या वर्षभरात माझं एकही इंजेक्शन चुकलं नाही. संप मात्र रीतसर मिटलाच नाही, आणि तात्यांची गिरणीही परत सुरू झाली नाही. माझं संपल्यावर ते गावी आले ते आलेच.

मी वाढले. एका बाजूनं जरा कमी वाढले, एवढंच. शेक कण्यालाही लागलेला असतो, तिथली हाडं पुढं उंच होत नाहीत. त्यामुळं बसल्यावर मी ठेंगणी दिसायची, उभी राहिल्यावर बरी. कणा वाकडा होऊ नये म्हणून शेक मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखा देतात, हे शहाणपण डॉक्टरांना आधीच्या पोरांच्या वाकड्या पाठी बघून आलेलं होतं. माझी पाठ सरळ राहिली ती त्या अनोळखी पोरांच्या जिवावर.

लग्नाच्या वेळी दादांनी प्रत्येक ठिकाणी खरं सांगितलं. तीन स्थळं उठून गेली. चौथे आमचे मालक. त्यांच्या मामांनी पोटावरच्या वणाची चौकशी काढली, तर हे म्हणाले, "मामा, मी काय बैल बघाया आलोय व्हय, अंगावरची खूण बघाया?" आम्हाला एक मुलगी झाली. आठव्या महिन्यातच झाली, वजन दीड किलोच्या वर थोडं. आत्याबाईंनी तिला छातीशी कापडात बांधून महिनाभर ऊब दिली. पोटाला शेक लागलेल्या मुलींची बाळंतपणं अशी लवकर होऊ शकतात. तेही मला नंतर समजलं. तेव्हा सगळे म्हणाले, दुष्काळी सालाचं पोर, बारीकच असायचं.

तर पुण्याचे डॉक्टर विचारत होते, शेक किती दिला होता? कुठून कुठवर? नळीतल्या गाठीचं ऑपरेशन करायचं तर शेक लागलेल्या जागेची कातडी लवकर भरत नाही, टाके कसे घालायचे ते आधी ठरवावं लागतं. शिवाय गाठ शेकानं झालेली असली तर पुढची नजर वेगळी ठेवावी लागते. "कागद आहे का काही?"

माझा भाऊ रात्रीच्या एसटीनं गावी गेला. आज्जी २००३ साली वारली होती. तिची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. आज्जीला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिला कुठला कागद कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे कळायचं नाही, आणि म्हणून ती एकही कागद टाकायची नाही. तगाईच्या पावत्या, सातबाराचे उतारे, ७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामाचं हजेरीकार्ड, सगळं खणाच्या फडक्यात बांधलेलं. त्यात माझं दवाखान्याचं कार्ड. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण शाई शाबूत. भावाला इंग्रजी अक्षर लागेना. तात्या काठी टेकत आले, त्यांनी तारखा बघून सांगितलं, "ह्यो शेकाचा कागद. संपाच्या आधीचा हाय. त्येच्यावर बोट ठिवून डाक्टर मला म्हणला हुता, ह्यो हरवू नका."

कार्डावर लिहिलं होतं, डाव्या कुशीला ३००० रॅड, वीस हप्त्यांत. रॅड हे जुनं माप. आता ग्रे म्हणतात, शंभर रॅडचा एक ग्रे. म्हणजे तीस ग्रे. चौकोनाचं चित्रही काढलेलं होतं. डॉक्टरांनी ते चित्र एमआरआयच्या फोटोशेजारी धरलं. गाठ बरोबर त्या चौकोनात होती.

भाऊ तापट. तो म्हणाला, "म्हणजे दवाखान्यानंच केलं म्हणा की हे!"

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. शेकानं कॅन्सरच्या पेशी मरतात. आजूबाजूच्या चांगल्या पेशींना झळ लागते, त्यातल्या बहुतेक भरून निघतात. एखाद्या पेशीच्या आत मात्र ओरखडा राहून जातो. लहान पोराचं अंग वाढतं असतं, पेशी दुप्पट चौपट होत असतात, त्याबरोबर तो ओरखडाही पुढं जातो. वीस, तीस वर्षांनी कधीतरी त्याची गाठ होते. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होते. १९५० च्या दशकात इस्राएलमध्ये दहा हजारांवर पोरांना डोक्यातल्या गजकर्णासाठी क्षकिरणांचा शेक दिला होता. तेव्हा तो चांगलाच उपाय समजत. पुढं त्या पोरांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, आणि १९८८ साली छापून आलं की अशा आवरणाच्या गाठी त्यांच्यात साधारण साडेनऊ पट जास्त झाल्या. तो शेक माझ्यापेक्षा कितीतरी कमी होता.

"गजकर्णानं माणूस मरत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना शेक द्यायला नको होता. पण हिच्या आजारानं माणूस मरतो. त्या वेळी शेक दिला नसता, तर आज भांडायला तुम्हाला बहीण नसती."

भाऊ खाली बघत राहिला. मी मात्र तेव्हापासनं त्या चौकोनाचा विचार करते. एकाच चौकोनात माझी तेहतीस वर्षं होती आणि ही गाठही होती. दोन्ही वेगळी करून एक ठेवते, एक देते, असं म्हणता येत नाही. रानात पाणी सोडलं की पिकाबरोबर हराळीही वाढते. म्हणून पाणी कोण तोडतं?

आणि पाणी मोजून देता येतं. आज विल्म्सच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेक पोरांना शेक देतच नाहीत, नुसतं ऑपरेशन आणि इंजेक्शनं. गाठ पुढं गेलेली असली तर देतात, तो सुद्धा साधारण दहा-अकरा ग्रे. माझ्या तिसरा हिस्सा. अमेरिकेत १९६९ पासनं हजारो पोरांच्या नोंदी ठेवत, कुणाला किती दिलं आणि पुढं काय झालं हे बघत बघत हे माप खाली आणलं. परळच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासनं उपचार पुरे झालेल्या पोरांसाठी वेगळा दवाखाना चालतो. बरं झालेलं पोर पुढं कसं वाढतंय, हाडं, हृदय, किडनी कशी आहे, हे तिथं दर वर्षी बघतात. बरं होणं हा शेवट नसतो हे मान्य करून काढलेला दवाखाना.

ऑपरेशनला पैसा उभा करायची वेळ आली तेव्हा केशरी रेशनकार्ड कामाला आलं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात आली होती, घरटी वर्षाला दीड लाखापर्यंत. दवाखान्याच्या दारातल्या आरोग्यमित्रानं अर्ज भरून दिला. मालकांनी दावणीचा बैल विकायचा ठरवला होता. मी म्हटलं, "माझ्यापायी एक बैल गेलाय. दुसरा जाऊ देणार न्हाय." तो राहिला.

पाच तास ऑपरेशन चाललं. मणक्याच्या मागची हाडाची कमान काढली, आवरण उघडलं, गाठ रज्जूपासनं सोडवून काढली. तपासणीत साधीच निघाली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पायाचा अंगठा हलवायला सांगितलं. मी हलवला. मला तो हललेला कळला, डोळ्यांनी न बघता. किती महिन्यांनी माझा पाय मला आतनं दिसला.

टाके भरायला दोन महिने लागले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. भिंत धरून, मग काठी घेऊन, मग मोकळी चालायला लागले. डाव्या तळव्याला अजून बधिरपणा आहे. मी मागनं पट्टा असलेली चप्पल घालते, त्यामुळं अंगणवाडीतल्या पोरांचा खेळ बुडाला. वर्षाला एकदा एमआरआय. शेकानं झालेली गाठ परत येऊ शकते, शेजारी दुसरीही होऊ शकते, म्हणून नजर ठेवायची. रक्तदाब, लघवी, किडनी तपासायची. पुण्याला जायच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही. परत येताना एसटीत शिरवळच्या पुढं लागते.

अंगणवाडीत वजन करताना मी आता पोरांच्या पोटावरनं हात फिरवते. रजिस्टरात त्याला रकाना नाही. आयांनाही सांगते, न्हाऊ घालताना कुशीत हात दाबून बघत जा. घट्ट लागलं तर डाग देऊ नका, चोळू नका, सरळ दवाखाना.

दोन वर्षांमागं वस्तीवरच्या एका मेंढपाळाच्या पोराला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईला उपचार झाले, पोरगं बरं होऊन आलं. डोक्यावर नवे केस, मऊ, कोकराच्या लोकरीसारखे. त्याची आई भेटायला आली तेव्हा कागदांची पिशवी घेऊनच आली होती. म्हणाली, "बाई, ह्ये आता कशाला लागतंय? घरात ठिवाया नगं वाटतंय. बघितलं की पोटात गोळा येतोय. म्हसोबाच्या फुडं जाळून टाकू का?"

मी म्हटलं, "जाळू नगं. सगळं जपून ठेव. कुठलं औषध दिलं, किती दिलं, शेक दिला का, ह्येची एक येगळी चिठ्ठी डॉक्टरांकडनं लिहून घे. दोन झेरॉक्स काढ. एक माझ्याकडं दे."

ती घाबरली. तिचा आवाज बारीक झाला. "म्हंजी परत व्हतंय व्हय, बाई?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं याचा मी कितीतरी रात्री विचार केलाय. होत नाही म्हटलं तर खोटं. होतं म्हटलं तर तिनं पोराकडं बघून हसायचं कधी? पोरगं दारात कोंबडीमागं पळत होतं. मी त्याच्याकडं बोट केलं.

"ते चाळीस वर्षांचं व्हनार हाय," मी म्हटलं. "त्याचं लगीन व्हनार, पोरं व्हनार. मग कवातरी त्याची पाठ दुखंल, न्हायतर दम लागंल, आन् तवा डॉक्टर इचारंल, बाबा, लहानपणी तुला काय दिलं हुतं? तवा तू असशील नसशील. कागद पायजे. मरायचं असतं तर कागद लागला नसता. जगायचं हाय म्हणून ठिवायचा."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. कागद एकेक काढून हातानं सारखे केले, चुरगळलेले कोपरे बोटानं सोडवले. मग पदराच्या गाठीतनं दहाची नोट काढून म्हणाली, "झेराक्सला एवढं पुरंल का, बाई?"